बागडे सर आणि क्रूसाचं लाकूड

बागडे सरांच्या तासाला उत्तर बरोबर येऊनही शून्य मिळायचं. पानाच्या उजव्या बाजूला प्रत्येक पायरीचं कारण लिहिलेलं नसलं, की सर खाली तांबड्या शाईनं एकच शब्द लिहीत, 'कशावरून?' उलट कारणं नीट लिहिली आणि उत्तर चुकलं, तर अर्धे गुण. पालक भांडायला येत. सर त्यांना बाकावर बसवत, पाणी देत आणि सांगत, "उत्तर बाजूच्याचं पाहून लिहिता येते. चूक तरी सोताची पाहिजे ना."

मी त्या शाळेत मराठी शिकवायला गेले तेव्हा जिल्हा नुकताच फुटला होता. गोंदिया वेगळा झाला आणि आमच्या बोर्डिंगमधल्या गोंदियाकडच्या मुलींचे सगळे कागद नव्या जिल्ह्याच्या नावानं करून घ्यायचे होते. ते काम कुणालाच नको होतं. बागडे सरांनी ते मागून घेतलं. महिनाभर एकेक रजा टाकून एसटीनं गोंदियाला जात होते आणि प्रत्येक मुलीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत होते. एका मुलीच्या आईचं नाव एका कागदावर सुलोचना होतं आणि दुसऱ्यावर सुलाबाई. त्यासाठी ते तिच्या गावी जाऊन आले. आईला विचारलं, "तुमी कोणतं नाव म्हणता?" ती म्हणाली, "मले कोणी नावानं हाकच नाही मारत, गुरुजी." ही गोष्ट सांगताना सर हसले नाहीत.

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं चिखलटोला लागायचं. तलाव, राईस मिल, मिशनची शाळा, बोर्डिंग आणि शाळेच्या मागं कौलारू चर्च. ख्रिस्ती घरं वीस-बावीस असतील. बाकी शेतकरी, आणि एका कडेला आमचा बौद्धांचा मोहल्ला, तिथं मी खोली घेतली होती. मी मूळची एकोडीची. फिलिप बागडे सर माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. उंच, हडकुळे, मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती, आणि ती मी तिथं होते तितकी वर्षं तशीच होती.

त्यांची एक डायरी होती. पाऊस कोणत्या दिवशी लागला, तलाव कधी भरून सांडला, धान कधी कापणीला आला, एवढंच तिच्यात असे. एकदा गावच्या सभेत सगळे म्हणत होते की आपला तलाव पोळ्याच्या आत दरसाल सांडतो, तो यंदाच सांडला नाही, म्हणजे वरच्या गावानं पाणी अडवलं. तक्रार लिहून तयार होती. सर डायरी घेऊन गेले. गेल्या कितीतरी वर्षांत पोळ्याआधी तलाव फार कमी वेळा सांडला होता. तक्रार राहिली. सरपंच पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. सरांना त्याचंही काही वाटलं नाही. त्यांनी त्या वर्षीचा तलाव सांडला तो दिवस तेवढा लिहून ठेवला.

असा माणूस देवाधर्माच्या बाबतीत कोरडा असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. रोज सकाळी शाळेआधी ते चर्चमध्ये जात, घंटा स्वतः वाजवत आणि फरशीवर गुडघे टेकत. सगळे बाकाच्या फळीवर टेकायचे, हे खाली. उपवासाच्या शुक्रवारी दिवसभर चप्पल घालत नसत. मी एकदा विचारलं, "सर, वर्गात कशावरून, कशावरून म्हणता. तिथं नाही विचारत?"

ते म्हणाले, "देवाले नाही विचारत बाई. देवाच्या नावानं माणसं जे सांगतात, ते विचारतो."

हे नुसतं बोलणं नव्हतं, हे मला त्या शाळेतल्या माझ्या पाचव्या वर्षी कळलं.

आमच्या बोर्डिंगचा स्वयंपाक फिलोमिनामावशी करायची. लहानपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, आवाज मोठा, हात त्याहून मोठा. गावात पूर्वी एक म्हातारे परदेशी फादर होते. त्यांच्या शेवटच्या आजारात तिनंच त्यांचं सगळं केलं होतं. ते वारले त्याला कैक वर्षं झाली होती. आता फादर जॉर्ज होते, केरळचे, तरुण. ते मराठी पुस्तकातून शिकले होते आणि तशीच बोलत. एका रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर मावशी त्यांच्याकडे गेली आणि पदराच्या गाठीतून पितळेची लहानशी डबी काढून त्यांच्या हातावर ठेवली. अंगठ्याच्या नखाएवढी काच, काचेखाली लाकडाच्या दोन बारीक चुया, सुईएवढ्या काड्या, आडव्या-उभ्या ठेवलेल्या. म्हातारे फादर जाण्याआधी तिला ती देऊन गेले होते, असं तिनं सांगितलं. येशूला ज्या क्रूसावर खिळलं, त्या क्रूसाचं लाकूड. आता आपलंही वय झालं, म्हणून ती ते चर्चला द्यायला आली होती.

फादर जॉर्ज यांनी डबी वेदीवर ठेवली. पहिल्या शुक्रवारी आमच्या गावचे लोक आले. पाचव्या शुक्रवारी करडीकडून एक ट्रॅक्टर भरून बाया आल्या. ख्रिस्ती त्यात दोनचारच. कुणी नारळ आणला, कुणी फाटकाला लाल दोरा बांधला. माझ्या शेजारची सखूबाई आपल्या सुनेला घेऊन गेली. मी तिला म्हटलं, "आपण कायले?" ती म्हणाली, "पाहाले कोणी नाही म्हणते काय?"

फादरना आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती. बिशपांच्या कार्यालयातून पत्र आलं की अशा वस्तूचा कागद लागतो, मोहोर लागते. त्याविना लोकांसमोर ठेवता येत नाही. आधी तिथल्या तिथं चौकशी करून लिहून कळवा. फादरनी ते काम बागडे सरांना दिलं.

सरांनी फुलस्केप कागदावर तीन रकाने आखले. माहीत आहे. ऐकलं आहे. माहीत नाही. आणि कामाला लागले.

पहिल्यांदा ते भिंग आणि डबी घेऊन राईस मिलच्या शेजारच्या आरागिरणीवर गेले. तिथला म्हातारा मिस्त्री साग, बीजा, येन, हळदू डोळे मिटून वासावरून ओळखायचा. त्यानं भिंगातून पाहिलं, डबी परत दिली. "गुर्जी, एवढ्याशा चुईवरून झाड नाही सांगता येत. ओंडका असता तर सांगितलं असतं." सरांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'लाकडाची जात.'

त्या दिवशी परत येताना त्यांनी मला विचारलं, "तुमच्यातही स्तूपात धातू, म्हणजे अस्थी, ठेवतात ना बाई? त्याचा काही कागद राहते काय?"

"डब्यावर कोरलेलं असतं म्हणतात. मी पाहिलं नाही."

"म्हणजे तुमचंही ऐकलेलंच," ते म्हणाले, आणि त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

मग फिलोमिनामावशीला विचारायचं होतं. मला म्हणाले, "तुमी सोबत चला. मी एकटा विचारलं तर तिले पोलीस आल्यासारखं वाटंल." आम्ही बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात गेलो. मावशी सुपात तांदूळ निवडत होती. सर पाटावर बसले, मांडीवर कागद घेतला.

"फादर काय म्हणाले होते? त्यायचेच शब्द सांगा."

"म्हणाले, फिलोमिना, हे क्रूसाचं लाकूड आहे. तू सांभाळ."

"मराठीत म्हणाले?"

"मंग? त्यायले तुमच्यापेक्षा चांगली मराठी येत होती."

"तेव्हा तिथं आणखी कोणी होतं?"

"देव होता."

सरांनी हे लिहिलं नाही. त्यांनी डबी उलटी केली. "हे मागून उघडते. आत लाल धाग्याचा तुकडा आहे. धाग्यावर काही होतं?"

"मेण होतं. लाल, वाळलेलं. त्याच्यावर काहीतरी ठसा होता, नाण्यावर राहते तसा."

सरांचा पेन थांबला. "होतं म्हणजे? आता कुठं आहे?"

"काढलं ना मी. डबी पुरी काळी पडली होती. चर्चमंदी द्यायची म्हटल्यावर चिंच लावून राखेनं घासली. मेणात घाण बसली होती, ते सुईनं खरवडलं." तिनं सूप खाली ठेवलं. "काहून? नव्हतं काढायचं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "नाही, नाही. द्यायची वस्तू म्हटल्यावर साफ तर करालच."

बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं. ते मेण म्हणजेच मोहोर. खरा अवशेष असा धाग्यानं बांधून, वर मेणाचा ठसा देऊन बंद करतात. कागद हरवला तरी ठशावरून कोणत्या बिशपांनी बंद केला ते कळतं. काही पुरावा असलाच तर तो तेवढाच होता.

"तिला सांगायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

"कशाले? तिले झोप नाही लागायची."

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर लोकांना थांबवून घेतलं. मी मागं दाराजवळ उभी होते. सरांनी तिन्ही रकाने वाचून दाखवले. मेणाची गोष्ट दुसऱ्या रकान्यात होती. 'लाल मेणावर ठसा होता असं फिलोमिनाबाई सांगतात.' राईस मिल चालवणारे इग्नेसभाऊ उठले.

"सर, हे पहिल्या रकान्यात टाका. ती बाई चाळीस वर्षं सैपाक करून राहिली, एक दाणा कधी घरी नेला नाही. तिचा शब्द म्हणजे माहीत असल्यासारखंच आहे."

"तिचा शब्द खराच आहे," सर म्हणाले. "पण ठसा कोणाचा होता, हे तिलेही माहीत नाही. मले कसं माहीत राहीन?"

"म्हणजे तुमी लाकूड खोटं म्हणून राहिले."

"खोटं म्हणालो काय मी? पुन्हा वाचून दाखवू?"

आवाज वाढले. कुणी म्हणालं, सर शिकलेले आहेत, त्यांना श्रद्धा काय कळणार. हे म्हणणारा माणूस सर फरशीवर गुडघे टेकत तेव्हा बाकावर पेंगत असे. फादर जॉर्ज मध्ये पडले. लोकांना समजावं म्हणून त्यांनी हळूहळू सांगितलं की मेणाची मोहोर म्हणजे काय, ती असती तर हा प्रश्नच कसा आला नसता, ती निघाल्यामुळे आता काहीच सिद्ध करणं कसं शक्य नाही. त्यांना कुणाला दोष द्यायचा नव्हता. पण बायांच्या बाजूनं फिलोमिनामावशी उठून उभी राहिली.

"म्हणजे मीच पुसलं?"

ती सरांकडे वळली.

"सर, तुमाले त्या दिवशीच समजलं होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

"आता लय चांगलं वाटून राहिलं," ती म्हणाली. वेदीजवळ गेली, डबी उचलली, पदरात बांधली आणि सगळ्यांमधून निघून गेली. फादरनी तिला अडवलं नाही.

सर हातात कागद धरून तसेच उभे राहिले. नंतर त्यांनी माझ्याजवळ कबूल केलं, "चूक झाली बाई. दुसऱ्याले कारण लिहायला लावतो आणि तिच्यापासून मीच लपवलं."

कागद बिशपांकडे गेला. पावसाळ्यात उत्तर आलं की वस्तू लोकांसमोर ठेवू नये, मात्र जिची आहे तिनं घरात भक्तीनं ठेवायला हरकत नाही. शुक्रवारची गर्दी आपोआप थांबली. फाटकावरचे लाल दोरे पावसानं पांढरे पडले. गावातली अर्धी ख्रिस्ती घरं सरांशी तुटक वागू लागली आणि फिलोमिनामावशी तर मुळीच बोलेना. सर बोर्डिंगमध्ये मुलींची भूमिती घ्यायला जात, तेव्हा ती सगळ्यांना चहा देई, सरांचा कप बाकाच्या टोकाला ठेवून वळे.

त्याच हिवाळ्यात सरांच्या बायकोचं, मार्थाबाईंचं, पोटाचं दुखणं निघालं. नागपूरला नेलं, उघडून पाहिलं, शिवून परत पाठवलं. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन घरीच ठेवा म्हणून सांगितलं. त्यांचा मुलगा भिलाईला नोकरीला होता, तो येऊन-जाऊन असे. मी शाळा सुटल्यावर रोज तासभर बसायला जात होते. मार्थाबाई गोऱ्या, बारीक, बोलायला मऊ. नवऱ्याच्या 'कशावरून'ला इतकी वर्षं त्या नुसत्या हसत आल्या होत्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "फिलोमिनाजवळचं ते लाकूड मले हातात पाहिजे."

सर खाटेच्या पायथ्याशी बसले होते. मी मनात म्हटलं, आता काय करतील? ते उठले, बाह्यांची बटणं लावली आणि मला म्हणाले, "बाई, येता काय माझ्यासंगं?"

मावशी बोर्डिंगच्या मागल्या खोलीत राहायची. दारात आम्हाला पाहूनही तिनं खुर्ची दिली नाही. सर उभ्यानंच बोलले.

"मार्थाले ते हातात पाहिजे. नेऊ काय?"

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं. "आता खरं वाटाले लागलं?"

मला वाटलं, आता तरी हो म्हणावं. एवढ्या वेळी म्हटलं तर कोण हिशेब ठेवणार होतं?

"नाही," सर म्हणाले. "कागदात लिहिलं तेवढंच मले अजूनही माहीत आहे. तुमच्याजवळ खोटं बोलून नाही नेत. तिले पाहिजे, म्हणून मागाले आलो." आणि थांबून म्हणाले, "मेणाचं तुमाले त्याच दिवशी सांगाले पाहिजे होतं. ती माझी चूक."

मावशीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "ती काही खाते काय?"

"पेज घेते. दोन चमचे."

"पेज कोण करून राहिलं?"

"मीच."

"मंग कायची खाते ती," असं म्हणून मावशी आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात डबी होती आणि दुसऱ्या हातात दोन लुगड्यांचं गाठोडं. आमच्या पुढंच चालायला लागली.

ती अकरा दिवस सरांच्या घरी राहिली. बोर्डिंगचा स्वयंपाक मोठ्या मुलींनी आणि मी मिळून कसाबसा केला. मावशी मार्थाबाईंना पुसायची, कूस बदलायची, पेज भरवायची. डबी मार्थाबाईंच्या मुठीत असायची. हात सैल पडला की मावशी बोटं पुन्हा मिटवून द्यायची. मी एकदा पाहिलं, मावशी पाणी आणायला गेली होती आणि मूठ उघडी पडली होती. सर पुढं झाले, त्यांनी बायकोची बोटं एकेक करून डबीवर मिटवली आणि वरून आपला हात ठेवून बसले.

बाराव्या दिवशी सकाळी मार्थाबाई गेल्या. शांतपणे गेल्या, असं सगळे म्हणाले, आणि ते खरं होतं.

माती झाल्यावर आठवडाभरानं फादर जॉर्ज सरांच्या घरी आले. मी तिथंच होते. ते जरा अडखळत म्हणाले, "सर, त्यांच्या वेदना त्या दिवसांत कमी झाल्या होत्या असं फिलोमिनाबाई म्हणतात. हे आपण बिशपांना कळवावं का? कदाचित ते पुन्हा विचार करतील."

सरांनी विचार केला. उडवून लावलं नाही. "झोप लागत होती तिले," ते म्हणाले. "पण डॉक्टरचं औषधही चालू होतं. कशानं लागली, ते मले नाही सांगता येत." मग म्हणाले, "आणि फादर, ते माझ्या घरचं आहे. ते कागदावर नको."

मावशी त्या दिवशी जेवण घेऊन आली होती, ती चुलीजवळ बसून ऐकत होती. तिनं सरांना चहा आणून दिला. हातात दिला.

इग्नेसभाऊंचा राग मात्र गेला नाही. सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमालाही ते आले नाहीत. फिलोमिनामावशी दोन वर्षांनी थकली आणि बालाघाटला भाचीकडे राहायला गेली. डबी घेऊन गेली. पुढं त्या डबीचं काय झालं मला ठाऊक नाही. माझी बदली साकोलीकडच्या शाळेत झाली.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही वर्षांनी. जुन्या शाळेत एक कागद आणायला गेले होते. ख्रिस्ती लोकांचा मेलेल्यांचा सण दुसऱ्या दिवशी होता. हलका, लवकर येणारा धान कापून झालेला, शेतातून कोरड्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास येत होता. कबरस्तानाच्या बाजूनं जाताना सर दिसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जमिनीवर बसलेले, बाजूला चुन्याची बादली. चष्मा नवीन होता. मार्थाबाईंची कबर, म्हाताऱ्या फादरची कबर पांढरी झाली होती. आता ते भिंतीलगतच्या ओळीत होते. तिथं नुसते मातीचे उंचवटे आणि दगड होते, दुष्काळात मिशननं आणलेल्या पोरांचे, फार जुने. एकावरही नाव नव्हतं.

मी म्हटलं, "सर, ह्यांचं कोणी येत नाही का?"

"कोण येईन? कोणाले माहीत आहे, कोण होते ते." त्यांनी कुंचा बादलीत बुडवला, दगडाच्या चारी बाजूंनी नीट फिरवला, मग मागच्या बाजूनंही, जिथं कुणी पाहणार नव्हतं. "गाडी किती वाजताची आहे तुमची?"

"अजून दोन तास आहेत."

"मंग तुमी त्या टोकाकडून सुरू करा. उन्ह चढाच्या आत होऊन जाईन."

बाजूला आणखी एका लहान बादलीत चुना आणि दुसरा कुंचा होता. मी पर्स भिंतीवर ठेवली, पदर खोचला, ती बादली उचलली आणि ओळीच्या त्या टोकाला जाऊन बसले.